वाकलेली पलटण

गव्हाचा चीक शिजताना येणारा वास आणि तापल्या सुरीनं प्लॅस्टिक कापताना येणारा वास, हे दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसले आहेत. अजूनही उन्हाळ्यात कुणाच्या घरी कुरडयांचा चीक घाटायला घेतला की मला लगेच तो दुसरा, नाकाला झोंबणारा जळकट वास आठवतो आणि बरं वाटतं. सून विचारते, आई, तुम्ही एकट्याच काय हसताय? मी काही सांगत नाही. सांगायला बसलं की माझी जीभ जड होते, ती लहानपणापासूनच. लिहिताना तसं होत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढी अक्षरं अजून हाताखाली आहेत. त्यांच्यावरच भागवते.

आम्ही मूळचे करमाडचे. तिथली थोडी जमीन चुलते बघायचे आणि बाबा शहरात, गुलमंडीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात कापड मोजून फाडायला होते. हाताला ती सवय इतकी लागली होती की घरी भाकरी मोडतानासुद्धा ते आधी कडेला नखानं चीर पाडायचे आणि मग एका दमात तिचे दोन तुकडे करायचे. दुकानातल्या चिंध्या, उसवलेले काठ, रिळाला उरलेला दोरा ते पिशवीत घालून आणत आणि आई त्याच्या गोधड्या शिवायची. आम्ही गुरुजींच्या घरामागं पत्र्याच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. गुरुजी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुली लांब दिलेल्या. त्यांचं ताट आमच्याकडून जायचं आणि ते न्यायचं काम माझं होतं. भाकरी, येसराची आमटी, कडेला ठेचा असं ताट मी ओसरीच्या कडेला ठेवायचे, दाराची कडी वाजवायचे आणि ते बाहेर यायच्या आत पळून यायचे. धाकट्या दोघांना सांभाळायला म्हणून माझी शाळा सुटली होती, पण खरं सांगायचं तर मला त्याचं फार दुःख झालं नव्हतं. शाळेत नाव घेऊन उभं करत, ते मला सोसायचं नाही.

गुरुजींकडं रोज संध्याकाळी रिसालदारसाहेब यायचे. उंच, पांढरी दाढी, आणि बूट असे पुसलेले की ओसरीखाली ते काढून ठेवले की दोन काळी घोडी बांधल्यासारखी दिसायची. ते निजामाच्या घोडदळात होते. पोलिस ॲक्शननंतर त्यांचा रिसाला मोडला आणि मांडीखालचा घोडा गेला, तेव्हापासून पायीच. गुरुजी त्या काळात झेंडा लावला म्हणून तुरुंगात जाऊन आलेले. म्हणजे एक जण ज्या राज्यासाठी घोड्यावर बसला होता, त्याच राज्याच्या तुरुंगात दुसरा बसला होता. पण त्यावरून त्यांचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. भांडण व्हायचं ते खर्ड्याच्या लढाईवरून, आणि तिला तर पावणेदोनशे वर्षं होत आली होती.

ती लढाई ते ओसरीवर पुन्हा पुन्हा लढायचे. एक जुनं दार दोन खोक्यांवर आडवं टाकलेलं, त्यावर चाळलेली काळी माती, मातीत निळ्या दोऱ्याचा ओढा आणि एका कडेला विटांचा किल्ला. गुरुजींचे मराठे म्हणजे चिंचोके आणि रिसालदारांची फौज म्हणजे कवड्या. फासे टाकायचे, गाठी मारलेल्या सुतळीनं अंतर मोजायचं आणि तेवढं सरकायचं. खरी लढाई जामखेडच्या बाजूला झाली होती. मराठ्यांनी निजामाला किल्ल्यात कोंडलं, ओढ्याचं पाणी तोडलं आणि तहानेनं जेरीस आणून तह करायला लावला. म्हणून खेळातही गुरुजींनी नियम केला होता. निजामाला पाणी मिळालं नाही की थोड्या थोड्या डावांनी त्याची एकेक रांग उचलायची. त्यामुळं रिसालदारसाहेब नेहमी हरायचे.

"काय साहेब, पडली का घशाला कोरड?" गुरुजी रांग उचलताना हमखास विचारायचे.

"मारो गुरुजी, मारो. पर प्यासा नक्को मारो," रिसालदार म्हणायचे. त्यांच्या घराण्यातला कुणी पूर्वज खरोखर त्या लढाईत होता. तो जिवंत परत आला आणि त्यानं घरात एक रीत घालून दिली की पुढ्यात आलेलं पाणी उष्टं टाकायचं नाही. तांब्याभर पाणी दिलं तरी रिसालदार शेवटच्या थेंबापर्यंत पीत आणि तांब्या उपडा करून दाखवत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्या शिपायांना हे शिकवतच असतील.

मग एकदा गुरुजींना गुलमंडीत एका जनरल स्टोअरच्या दारात प्लॅस्टिकच्या शिपायांच्या पिशव्या लटकलेल्या दिसल्या. हौसेनं ते बऱ्याच पिशव्या घेऊन आले, सोबत घोड्यांच्याही. ओसरीवर ओतल्या तेव्हा दोघांचीही तोंडं उतरली. सगळे शिपाई हिरवे, डोक्याला लोखंडी टोप, हातात बंदुका.

"ये तो गोरे के सिपाही हैं," रिसालदार म्हणाले. "इनकू लेके खर्डा कैसा लढना?"

"दोन्हीकडून इंग्रजच लढवू. आपण दोघं सुटलो."

ते हसले खरे, पण त्या संध्याकाळी पुन्हा चिंचोकेच निघाले. शिपाई एका पाटीत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी ओसरी झाडताना मी त्यातला एक उचलून घरी आणला. का आणला ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. माझ्या हाताला काम लागायचं एवढंच. चुलीत सुरी तापवली आणि त्याचा टोप अलगद सोलून काढला. आत डोकं निघालं, वाटाण्याएवढं, बोडकं. त्याला तसं बघवेना. बाबांच्या पिशवीतला पांढरा दोरा डिंकात भिजवून मी त्याच्या डोक्याभोवती गुंडाळला, आमच्या करमाडच्या आजोबांचा पटका असायचा तसा. बंदुकीची नळी कापून तिथं खराट्याची हीर चिकटवली, तो भाला झाला. पाठीला सदऱ्याचं एक बटण लावलं, ती ढाल झाली. संध्याकाळी ताट ठेवताना मी त्याला ताटाशेजारी उभा केला आणि नेहमीपेक्षा जोरात पळाले.

न्हाणीच्या भिंतीआडून मला सगळं ऐकू येत होतं. आधी कडी निघाली. मग गुरुजी म्हणाले, "अहो, हा तर आपला माणूस आहे." आणि रिसालदार म्हणाले, "पगडी किसने बांधी? हाथ अच्छा है. पर पगडी ढीली है, घोडा दौडा तो गिर जाती." त्यानंतर गुरुजींनी मला हाक मारली. मी गेले नाही. त्यांना माझी सवय ठाऊक होती. त्यांनी ती सगळी पाटीच आमच्या दारात आणून ठेवली आणि मोठ्यानं, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "दोन फौजा करायच्यात म्हणे कुणीतरी."

तिथून पुढचं वर्षभर माझं काय चाललं होतं हे माझ्या नातीला कळलं तर ती म्हणेल, आजी, याला छंद म्हणतात. तिनं मागं मोबाइलवर काहीतरी दाखवताना मध्येच परदेशातली माणसं दिसली होती, चांगली टक्कल पडलेली, नाकावर भिंग लावून प्लॅस्टिकच्या शिपायांची डोकी बदलणारी. जुन्या लढायांच्या फौजा करून ते टेबलावर खेळतात म्हणाली. एकानं तर शिपायाच्या अंगरख्याला कागद चिकटवला होता. मी मनात म्हटलं, बाबा, कागद नको, मलमल घे, आणि खळीत भिजवून लाव. कागदाला घेर येत नाही. पण ती पुढं सरकवून गेली.

मलमल खळीत भिजवून लावायची ही युक्ती मला बऱ्याच चुकांनंतर सापडली होती. आधी हळद, गेरू, नीळ डिंकात कालवून लावून पाहिलं. वाळलं की खपल्या धरून गळायचं. मग रिसालदारांनी निरोप पाठवला की आधी राखेनं घासा, घोड्याच्या पाण्याचं भांडं घासतात तसं. राखेनं चिकणाई गेली. पाट्या रंगवणाऱ्या माणसाकडून गुरुजींनी तेलरंग आणले आणि त्या माणसानं सांगितलेलं मला सांगितलं की रंग सावलीत वाळू द्यायचा, घाई करायची नाही. पगड्या मात्र रिसालदारांनी स्वतः शिकवल्या. ओसरीवर बसून ते मोकळं कापड घेत आणि आपल्याच गुडघ्यावर पगडी बांधत. ही मराठा सरदाराची, ही निजामाकडच्या अमीराची, ही साध्या शिपायाची. गुडघ्यावर, कारण दुसऱ्यासाठी पगडी बांधायची तर गुडघाच डोकं. मी गुरुजींच्या घरातून, ओसरीच्या दाराच्या फटीतून बघायचे. ते माझ्याकडं बघत नसत, पण पेच दाखवताना हात जरा दाराकडं वळवत. एकदाच म्हणाले, "देखी क्या, द्वारका बेटी?" आणि मी आतून कडी वाजवली. आमचं बोलणं असंच चालायचं, कडीवर.

आईला हे काही पसंत नव्हतं. ती बोलायची फटकळ. "भावल्या खेळायचं वय गेलं, आता शिपाई खेळतीया. उद्या बघायला आलेल्या लोकान्ला काय सांगू, पोरगी पगड्या बांधती म्हणून?" बाबा भाकरी मोडत म्हणायचे, "सांग, चांगल्या बांधती." त्यावर ती आणखी चिडायची. चुलीत सुरी तापवली की तिच्या आमटीला प्लॅस्टिकचा वास लागतो हे तिचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं.

मराठे आधी पुरे झाले. ते गुरुजींच्या कपाटात जाऊन उभे राहिले. निजामाची फौज अर्धी झाली होती तेव्हा बातमी आली की रिसालदारसाहेब हैदराबादला मुलाकडं कायमचे राहायला चालले. घर आवरून झालं होतं. एक रविवार मध्ये होता, सोमवारी गाडी. गुरुजी माझ्या दारापाशी येऊन उभे राहिले. नेहमीसारखं हवेत बोलले नाहीत. म्हणाले, "पोरी, रविवारी शेवटचा खर्डा होईल. इतकी वर्षं त्याला कवड्यांवर लढायला लावून हरवलं मी. एकदा त्याची फौज त्याच्या हातात पडावी असं वाटतं. होईल का?" मी मान हलवली. इतकं कुणी माझ्याकडं कधी मागितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रिसालदारांनी एक नवीनच सांगितलं. खर्ड्याला निजामाबरोबर त्याचा जनाना होता आणि त्याच्या राखणीला बायकांची पलटण होती. कवायत शिकलेल्या, बंदुका चालवणाऱ्या बायका. आई तेव्हा अंगणात गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"बायका? बंदुका घेऊन?" तिनं मला हळूच विचारलं.

"असं म्हणतायत."

"मंग त्यांचं सैपाकपाणी कोन करायचं?"

हे काही मला माहीत नव्हतं. आई पुन्हा गहू निवडायला लागली, पण संध्याकाळी पेटीतून तिच्या जुन्या चोळीच्या खणाचा एक लाल तुकडा काढून माझ्यासमोर टाकला. "त्या बायकान्ला हे लाव. हिरव्या कपड्यात कशा दिसतील त्या." आणि मग रोज येऊन बघायला लागली. हिची मान बारीक झाली, हिला कमरेला काहीतरी पाहिजे, ही जरा तुझ्या करमाडच्या आत्यासारखी दिसती. तिनं एकीला काजळाचा ठिपका गालावर दिला, नजर लागू नये म्हणून. माझ्या आयुष्यात आई आणि मी एकाच वस्तूवर वाकून बसलो असे दिवस तेच.

शुक्रवारी करमाडला चुलतभावाचं लग्न होतं. फौज सगळी रंगवून झाली होती. मी ती आमच्या खोलीत सावलीला फळीवर मांडली आणि बाबांबरोबर पहाटेच्या गाडीनं गेले. आई राहिली, कारण कुरडयांचा चीक तयार होता आणि तो थांबत नाही. लग्नात मला कुणी काही विचारलं तर मी हसून खाली बघत होते आणि मनात रविवारचं चित्र बघत होते. एका बाईनं आई जवळ नसल्याचं पाहून माझी चौकशीही केली, असं बाबा नंतर म्हणाले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई दारात उभी होती. हाताला वाळलेला चीक तसाच. ती सहसा अशी रिकामी उभी राहत नसे.

"ओलाच होता गं रंग," ती म्हणाली. "बोट लावून बघितलं मी. म्हणलं सावलीत कवा वाळायचा, रैवारी लागतंय तिला. म्हणून वर नेऊन ठिवले. कुरडयांच्या शेजारी."

मी शिडी चढून पत्र्यावर गेले. एका धुतलेल्या लुगड्यावर कुरडया पांढऱ्याशुभ्र, कडक वाळलेल्या होत्या. लुगड्याला रंग लागू नये म्हणून आईनं शिपाई कडेच्या उघड्या पत्र्यावर ठेवले होते, नीट रांगेत, बायका वेगळ्या. पत्रा अजूनही हाताला चटके देत होता. घोडे जाडजूड होते, ते टिकले. शिपाई मात्र सगळे वाकले होते. घोट्यापाशी ते बारीक, आणि पुढून अंगरख्यांच्या खळीचं ओझं. कुणी गुडघ्यातून, कुणी कमरेतून, पण सगळ्यांची तोंडं खाली. हरवलेलं काहीतरी सगळी फौज मिळून शोधते आहे असं वाटत होतं. वाळायची प्रत्येक गोष्ट उन्हातच वाळते, एवढंच आईला आयुष्यभर माहीत होतं, आणि तिचं त्यात काही चुकलं असंही मला म्हणता आलं नाही.

मी खाली आले. आई म्हणाली, "गुर्जीला मी सांगते. म्हातारीनं घोळ केला म्हणून सांगते."

"नको," मी म्हणाले.

"का नको? काम तुझं, नासवलं मी."

"नको म्हणलं ना." मी आईला असं उलट बोलले ती बहुतेक पहिलीच वेळ. तिनं खणाचा तुकडा दिल्याला आठवडाही झाला नव्हता. तिला ओसरीवर उभं राहून दोन पुरुषांसमोर तसं बोलावं लागावं, हे मला फौज नासल्यापेक्षा जास्त झोंबत होतं.

शनिवारी सकाळी आम्ही पातेल्यात पाणी तापवलं. एकेक शिपाई चिमट्यानं धरून गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की बोटांनी सरळ करायचा आणि परातीतल्या गार पाण्यात सोडायचा. आई गरम पाणी बघत होती, मी बोटं भाजून घेत होते. काही झाले सरळ. काहींचा रंग निघाला, तो पुन्हा दिला. दोघांचे पाय घोट्यात तुटले. पण कितीतरी असे होते की सरळ केले, गार केले, हातातून सोडले की हळूच पुन्हा मान खाली घालायचे. बायकांच्या पलटणीतली तर एकही सरळ उभी राहायला तयार नव्हती. आई म्हणाली, "हट्टी आहेत मेल्या," आणि तिचा आवाज जरा ओला झाला.

मी थकून हात झटकले. परातीच्या काठाशी एक वाकलेली बाई तशीच टेकवून ठेवलेली होती. खणाचं पातळ, गालाला ठिपका, कंबरेत वाकलेली, आणि तोंड पाण्याच्या अगदी जवळ. मी तिच्याकडं बघत राहिले. मग तिच्या शेजारी दुसरी ठेवली. मग एक शिपाई, गुडघ्यावर आलेला. आईनंही पाहिलं. तिनं उरलेले वाकडे एकेक करून माझ्या हातात द्यायला सुरुवात केली.

रविवारी संध्याकाळी मी रोजच्यासारखी पळून आले नाही. फौज मीच मांडली, दोघं यायच्या आधी. सरळ शिपाई किल्ल्यापाशी, घोडेस्वार त्यांच्या दोन्ही बाजूंना. आणि निळ्या दोऱ्याच्या काठानं, ज्या काठावर गुरुजींचे मराठे पहारा ठेवत तिथंच, सगळे वाकलेले. पुढं बायका, मागं पुरुष. मग दाराच्या आड जाऊन उभी राहिले. पळाले नाही एवढंच.

रिसालदार आले, बूट काढले आणि फौज बघून उभेच राहिले. गुरुजींनी कपाटातून आपले मराठे काढून जागेवर मांडायला घेतले. ओढ्यापाशी आले आणि थांबले.

"हे काय? ही माणसं अशी वाकलीत का?"

अंगणात आमची आई होती, तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"द्वारके?"

माझा हात कडीला लागला होता, पण कडी वाजवून हे सांगता येणार नव्हतं.

"पाणी पितायत," मी म्हणाले.

गुरुजींनी दाराकडं पाहिलं. माझा आवाज त्यांनी इतक्या वर्षांत नीट ऐकलाच नव्हता बहुतेक. मग ते मास्तरच झाले. "अगं, पण पाणी माझ्या ताब्यात आहे. हा ओढा मराठ्यांनी धरला होता. इतिहासात निजामाला पाणी मिळालं नाही, म्हणून तर—"

"गुरुजी," रिसालदार म्हणाले. ते खाली बसले होते आणि चष्मा वर करून एका बाईकडं बघत होते, जवळून, जसं ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं. "कित्ते बरस से हार रहा हूँ मैं तुमसे?"

"सगळीच."

"तो एक बार पानी पिला के हराव."

गुरुजी काही वेळ हातात घोडेस्वार धरून उभे होते. "नियमात बसत नाही," ते पुटपुटले. मग वाकले आणि ओढ्याच्या काठावरचे आपले स्वार एकेक करून उचलून मागं, उंचवट्यापाशी ठेवायला लागले. एक राहिला होता, तोही पुन्हा वाकून घेतला.

लढाई झाली. रिसालदार त्याही वेळी हरले. ओढ्यावर गेलेली माणसं लढायला नव्हती आणि त्यांना तिथून हलवायला ते तयार झाले नाहीत. गुरुजी म्हणाले, "अहो, त्यांना उठवा आता, तुमची डावी बाजू मोकळी पडलीय." रिसालदार म्हणाले, "पीने दो." शेवटचा फासा पडला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "हारे, पर पानी पीके हारे," असं म्हणून ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

"पण ही अक्कल कुणाची?" गुरुजींनी दाराकडं बघून विचारलं. "खरं सांग. वाकवायचं कुणी सुचवलं?"

"आईनं वाकवले," मी म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. अंगणात आई तांब्या घेऊन उभी होती. खोकला ऐकून तिनं पाणी भरलं होतं. एरवी तिनं तो माझ्या हातात दिला असता. त्या दिवशी पदर सारखा करून ती स्वतः ओसरीच्या पायरीपर्यंत आली आणि तांब्या वर ठेवला. रिसालदारांनी तो दोन्ही हातांनी उचलला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि आईसमोर उपडा करून दाखवला. "बहेन," ते म्हणाले, "हमारे घर की औरतां ये सुनेंगी तो तुमकू दुआ देंगी." आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं हात जोडले.

निजामाची सगळी फौज गुरुजींनी बुटाच्या खोक्यात कापूस घालून बांधली. निघताना रिसालदारांनी खोकं उघडून त्यातली एक बाई काढली, ती गालावर ठिपका असलेली, आणि दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. "एक इधर रहने दो." मग बूट घातले आणि गेले. पुढं गुरुजींना हैदराबादेहून खुशाली येत राहिली. गुरुजी एकटेच दोन्हीकडून फासे टाकत बसायचे, पण निजामाच्या बाजूला पुन्हा कवड्याच आल्या आणि ओढ्याचा तो नियम त्यांनी परत कधी लावला नाही.

त्या वाकलेल्या बाईला लग्नात मी कपड्यांच्या घडीत घालून आणलं. खणाचा रंग गेला, ठिपका मी दोनदा नव्यानं दिला. आता ती स्वयंपाकघरात माझ्या पाण्याच्या माठाशेजारी असते. सून पुसताना तिला उलटी करून ठेवते, मी सुलटी करते.

त्या रविवारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा आईनं कुरडया तळल्या होत्या, त्या वर्षीच्या पहिल्या. बाबा भाकरीला नखानं चीर पाडत होते. आई तव्याकडं बघत म्हणाली, "खोटं बोलायला लागलीस तू."

"वाकवले कुणी मग?" मी म्हणाले.

आई हसली. आधी आवाज न करता, मग पदर तोंडाला लावून. बाबांनी विचारलं, काय झालं? आम्ही दोघींनी सांगितलं नाही. तिनं सगळ्यात मोठी, फुललेली कुरडई उचलली आणि माझ्या ताटात टाकली.